गाडीतल्या गोड वासाबद्दल पुरवणी जबाब

नाव: मागच्या जबाबात लिहिलं आहे तेच. आमच्याकडे सगळे आजी म्हणतात.
वय: अंदाजे बहात्तर.
व्यवसाय: रुग्णालयाच्या धुलाईघरात पस्तीस वर्षं नोकरी, आता घरी.
राहणार: पाण्याच्या टाकीमागची तीन मजली इमारत, तळमजला, मुलगी व जावई यांच्याकडे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मंगळवारच्या अपघाताबाबत मी त्याच दिवशी जागेवर जबाब दिला होता. त्यातला एक भाग दुरुस्त करायला मी आपणहून आले आहे. मला कुणी पाठवलेलं नाही. पाठवून मी कुठे जात नाही, हे घरी विचारून घ्यावं.

मंगळवारी सकाळी साडेसातला जावई मला गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होते. मी पुढे, त्यांच्या शेजारी. थंडी म्हणून हीटर लावलेला. बाजाराच्या वळणावर समोरची काच आतून धुरकट झाली. जावयांनी हाताने पुसली तर तिच्यावर आणखीच तेलकट फराटे उमटले. गाडी फुटपाथवर चढली आणि विजेच्या पेटीला धडकली. पेपरवाल्याचं स्टूल मोडलं. पेपरवाला त्या वेळी स्टुलावर नव्हता. जावयांच्या कपाळाला चार टाके पडले. मला काही झालं नाही.

तिथे हवालदारांनी विचारल्यावर मी सांगितलं की, गाडीत पंधरा दिवस गोडसर वास येतो, माझ्या पायाखाली काहीतरी सांडलेलं असतं, आणि जावई पूर्वी प्यायचे. ही तिन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांना एका ओळीत बसवून मी जे सांगितलं, ते खरं नाही. जावयांनी बाटली सोडली त्याला चार वर्षं झाली. त्या दिवशी पोलीस ठाण्यातलं दारू तपासायला फुंकायचं यंत्र बंद होतं आणि टाक्यांच्या गडबडीत रक्तही कुणी घेतलं नाही. त्यामुळे सगळा भार माझ्या तोंडावर आला. जावई रुग्णवाहिका चालवतात. बुधवारी त्यांना कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. परवाना इथे जमा झाला.

त्याच संध्याकाळी जावयांनी माझं डोळ्यांत घालायचं औषध आणून खिडकीत ठेवलं आणि ते आत गेले.

गुरुवारी सकाळी मी त्या दिवशीचे पायमोजे धुवायला काढले. मोजे पांढरे आहेत. दोन दिवस वाऱ्यावर असून ते वाळले नव्हते. पाणी वाळतं आणि कडेला रेघ सोडतं. दारू उडून जाते, मागे वास ठेवते. मी दोन्ही हजारदा धुतलं आहे. हे बोटांत बुळबुळीत लागत होतं, चिकट होतं, कडेला हिरवट होतं, आणि एक कोपरा पाण्यात घातल्याबरोबर निघत होतं. असा डाग माझ्या हाताखालून पूर्वी गेलेला नाही. मोजे न धुता पिशवीत घालून मी गॅरेजवर गेले. तुमचा पंचनामा होऊन गाडी तिथेच उभी होती.

मेस्त्रीने मोजा नाकाला लावला. मी जिभेला लावणार, तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, "आजी, चाखू नका. विष आहे ते. इंजिन थंड ठेवायचं पाणी, कूलंट."

मी म्हटलं, "विष आहे तर गोड कशाला करतात?"

"मी करत नाही," तो म्हणाला. "मी फक्त भरतो."

त्याने टोपण उघडलं. टाकी जवळजवळ रिकामी. जावयांनी महिन्यात दोनदा पाणी भरलं होतं. गाडी जुनी, पिणारच, असं त्यांना वाटलं. म्हणजे आमच्या घरात पितंय कोण, याचा हिशोब दोघांचाही चुकला होता. मेस्त्रीने गाडीखाली पुठ्ठे अंथरले, टाकी भरली, तिच्या तोंडावर घड्याळासारखा काटा असलेला हातपंप बसवला आणि हवा भरली. काट्याला खडूने खूण केली. दहा मिनिटांत काटा खाली आला. पुठ्ठे कोरडे. नळ्या कोरड्या. धडकेने फुटलं असेल म्हणावं तर पुढची रेडिएटरची जाळीही धड होती.

मेस्त्री म्हणाला, "पाणी जातंय, पण बाहेर पडत नाहीये."

मी म्हटलं, "मग आत बघ. माझे पाय काय बाहेर होते?"

त्याने माझ्या बाजूचं पायपुसणं उचललं. खालचा गालिचा पिळण्याइतका ओला होता. पुढचा भाग खोलल्यावर आत हीटरची छोटी जाळी निघाली. गरम कूलंट तिच्यातून फिरतं, म्हणून आत गरम हवा येते. तिच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. पाणी माझ्या पायांवर, वाफ काचेवर. वासही तोच.

नवी जाळी बसवायला शुक्रवार आणि शनिवारची सकाळ गेली. शनिवारी दुपारी मी तिथे खुर्ची टाकून बसले. जावईही आले होते, लांब उभे होते. मेस्त्रीने नवं कूलंट भरलं, नळ्यांतली हवा काढली आणि पुन्हा पंप लावला. अर्धा तास काटा खडूच्या खुणेवरून हलला नाही. मीही हलले नाही. मग इंजिन चालू करून हीटर पूर्ण सोडला. काच स्वच्छ राहिली. वास आला नाही. मेस्त्री म्हणाला, "आजी, आता श्वास घ्या."

तेव्हा जावई जवळ आले. म्हणाले, "आई, वास येत होता तर मला का नाही विचारलंत?"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

ते म्हणाले, "नव्हतीच घेतली."

त्यांनी माझी खुर्ची उचलून आत ठेवली.

चिरलेली जाळी, मेस्त्रीने लिहून दिलेला कागद आणि मोजे हजर करत आहे. मोजे काम झाल्यावर परत मिळावेत, नवीनच आहेत. माझं मागणं एकच, की हा जबाब जावयांच्या कामावर आजच कळवावा. त्यावर इथल्या साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. सोमवारपासून येऊ द्या, असं तिकडून सांगितलेलं मी ऐकलं. परवानाही माझ्या हातात दिला.

हवालदारबाईंनी हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात त्यांनी "गैरसमजातून" असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. गैरसमज माझ्या मनात होता, तो कुणाला दिसला नसता. मी तो तोंडाने सांगितला. तिथे "मी चुकीचं सांगितलं" असं लिहून घेतलं आहे. आता मजकूर बरोबर आहे. अंगठा नको, मला सही येते.