बटणकाकांची दोनशे चार नंबर

...नाही, पण माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. आणि हा हातातला कागद बघायला मागू नका हं. चार माणसं समोर दिसली की माझी बोबडी वळते, म्हणून सगळं लिहून आणलंय. शाळा आठवीतच सुटली, तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे, आणि शब्दही साधेच आहेत, रोज अंगावर घालायच्या शर्टासारखे. तेवढं माफ करा आणि ऐका.

तर आमचं हॉटेल. एकच होतं तेव्हा किती बरं होतं, स्टेशनाजवळ, तीन मजले. सहा वर्षं मी तिथे खोल्या लावल्या. चादर ओढा, टॉवेल घडी करा, पाहुण्याला नमस्कार करा, संपलं. मग कंपनीला हुरूप आला. दुसरं काढलं बाजारात, तिसरं नदीपलीकडे, आणि यंदा चौथं, नव्या बसस्थानकासमोर, चौसष्ट खोल्या, जिकडे बघाल तिकडे काच, माझी बदली तिथे झाली तर पहिल्या आठवड्यात मीच दोनदा दारावर आपटलो. आणि कंपनीचं वेड काय, तर चारही हॉटेलं एकसारखी पाहिजेत. एकसारखे पडदे, एकसारखा साबण, एकसारखं हसू. हो, हसायचंसुद्धा शिकवलं आम्हाला, दोन दिवस. माझं हसू बघून शिकवणाऱ्या बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही... नमस्कारच करत जा."

चौथं उघडलं आणि तिथे माशी फिरकेना. का? तर जुने पाहुणे जुन्यालाच गुळाला मुंगळा चिकटावा तसे चिकटलेले. सगळे फिरते विक्रेते, कुणी कुलुपं विकतो, कुणी छत्र्या, आणि सगळ्यांचे म्होरके म्हणजे बटणकाका. शिंप्यांच्या दुकानांतून बटणं विकतात, पुठ्ठ्यावर टाचलेल्या नमुन्यांची पेटी घेऊन महिन्याला तीन दिवस येतात, आणि सहा वर्षं खोली एकच, दोनशे चार. कंपनी नेहमीच्या पाहुण्याला सोनेरी कार्ड देते ना, तर काकांचं कार्ड इतकं वापरलेलं की त्यावरचं सोनं उडून ते पांढरं पडलंय.

चौथ्याच्या मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. बाई भराभर बोलतात, पूर्णविराम आला तरी त्याला जागा देत नाहीत. "हे बघा ते बटणवाले इथे राहिले की बाकीचे मेंढरांसारखे मागून येतील कळलं का, तुमचं ऐकतात ना ते, त्यांना इथे आणा, आणि आपण हॉटेल बदललंय असं त्यांना वाटताच कामा नये, पुन्हा इथेच येईन असं त्यांनी माझ्यासमोर म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या मजल्याचे मुकादम, नाही म्हटलं तर परत जुन्या हॉटेलात, मामांच्या हाताखाली."

आता मामा म्हणजे माझे सख्खे मामा, जुन्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखात्याचे प्रमुख. चादरीला इस्त्री करतात तशी माणसालाही करतात, आधी सुलट, मग उलट. त्यांच्याकडे मी पहिले चार महिने काढलेत. त्या चार महिन्यांवर वेगळा कागद लिहावा लागेल.

मुकादमाला स्वतःची किल्ली मिळते, माहितीये? मजल्याची. कमरेला लावायची. मला आयुष्यात कुणी किल्ली दिलेली नाही, घराचीसुद्धा नाही, आई म्हणते हरवशील.

मग काका महिन्याच्या फेरीला जुन्या हॉटेलात उतरले, तेव्हा तिथे जाऊन मी त्यांना विचारलं. म्हणजे चहा ठेवला, दारापर्यंत गेलो, परत आलो, पाणी भरलेलंच होतं ते परत भरलं, आणि मग विचारलं. काका म्हणाले, "तू म्हणतोस ना, येतो की."

झालं, आता उरलं एवढंच, की त्यांना हॉटेल बदललंय असं वाटता कामा नये. बाईंचे शब्द, माझे नाहीत. मग मी काय केलं? नव्या हॉटेलातल्या दोनशे चारमधलं नवं सामान बाहेर काढलं आणि जुन्या दोनशे चारमधलं सामान चारही हॉटेलांना चादरी पोचवणाऱ्या धुलाईच्या गाडीत, चादरींखाली घालून, तीन दुपारी, तीन फेऱ्यांत आणलं. गादी आणली, उजवीकडे होडीसारखा खड्डा असलेली. खुर्ची आणली, तिचा एक पाय बोटभर आखूड, बसलं की माणूस डुलतो. टेबलावरचा दिवा आणला, त्याला टपली मारल्याशिवाय लागत नाही. कपाट आणलं, कुणी पाऊल टाकलं की आपोआप उघडतं. नळ काही आणता येईनात, तर लाल आणि निळ्या टिकल्यांची अदलाबदल केली, कारण जुन्याकडे गरम पाणी निळ्यातून येतं. मी मन लावून काम करतो हो. आता यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या फेरीला मामांनी पकडलं. "काय रे, नव्या हॉटेलात मोडकं सामान? लोक उलटं करतात, गाढवा."

म्हटलं, "मामा, त्यांना याची सवय आहे."

"सवय मला तुझीही आहे. म्हणून घर बदललं तर तुला उचलून बरोबर नेऊ का?"

मी सामानावरची चादर नीट केली. मामांसमोर गप्प बसायची मलाही सवय आहे.

आणि सोमवारी काका आले. लिफ्टमध्ये काय खूश. काचेतून खाली बघतायत, भिंतीवरून हात फिरवतायत, "वा, वा, सगळं नवंकोरं" म्हणतायत. मी दार उघडलं. काकांनी पाऊल टाकलं आणि कपाट उघडलं.

काका जागच्या जागी उभे. मग गादीकडे बघितलं. मग हळूच खुर्चीत बसले, एकदा डुलले, दिव्याला टपली मारली, तो लागला. आणि काकांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंद. माझेही भरून आले.

म्हणाले, "बाळा... हे इथेही आलं?"

म्हटलं, "हो काका. सगळं तेच. नळसुद्धा."

काका चोरून सिगारेट ओढणाऱ्यासारखे दाराकडे बघून म्हणाले, "रागावू नकोस. सहा वर्षं त्या खड्ड्यानं माझी कंबर मोडली रे. मी पहिल्यांदा आलो तो तुझा खोल्यांवरचा पहिला दिवस होता. तू विचारलंस, सगळं ठीक आहे ना, आणि तुझे हात असे थरथरत होते की मी म्हटलं, उत्तम आहे. मग पुढच्या महिन्याला तू तीच खोली राखून ठेवलीस. आता उत्तम म्हटल्यावर माणूस दुसऱ्या महिन्यात वाईट कसं म्हणणार? मला वाटलं, नवं हॉटेल, आता सुटलो."

म्हणजे सहा वर्षं कंपनी ज्याला निष्ठा म्हणत होती आणि सोनेरी कार्डं वाटत होती, तो नुसता भिडस्तपणा होता. दोघांचा. मी म्हटलं, "काका, शेजारची खोली नवी आहे, आत्ता उघडून देतो," आणि तेवढ्यात मॅनेजरबाई दारात.

त्यांनी कपाट बघितलं, गादी बघितली, माझ्याकडे बघितलं. मला धुलाईच्या साबणाचा वास यायला लागला. "हा काय प्रकार आहे, हे भंगार कुणी आणलं इथे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात परत थरथरत होते, आणि त्या माणसाला ते बघवतच नाही. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "भंगार कसलं बाई? या पोरानं माझ्यासाठी एवढं केलं. घरी आल्यासारखं वाटलं. मी पुन्हा इथेच येईन. बाकीच्यांनाही सांगतो."

बाई गप्प झाल्या. बाई गप्प झालेल्या मी प्रथमच बघितल्या, पण फार वेळ नाही. किल्ली तिथल्या तिथे काढून माझ्या हातात दिली, आणि वळता वळता म्हणाल्या, "पाहुण्यांना हे एवढं आवडत असेल तर एकाच खोलीत ठेवून चालणार नाही, आपल्याकडे सगळं एकसारखं असतं, चौसष्टच्या चौसष्ट खोल्या अशा करा, उद्यापासून."

काका ते सोनं उडालेलं कार्ड हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. दोघांपैकी एकानं तरी नाही म्हणायचं होतं. कोण म्हणणार? यात माझं काय चुकलं, आणि त्यांचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुताराकडून करवत मागून आणली आणि दुसऱ्या मजल्याच्या बोळात उरलेल्या त्रेसष्ट खोल्यांच्या नव्या खुर्च्यांपैकी पहिली आडवी घातली. कमरेला किल्ली टोचत होती. काका बटणांची पेटी घेऊन कामाला निघाले होते, त्यांनी पेटी खाली ठेवली आणि खुर्ची हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. मी खुणेवर करवत ठेवली. काका खूप वेळ त्या खुणेकडे बघत होते.

मग हळूच म्हणाले, "बाळा... जरा कमी काप."