स्नोब्लोअरची पूजा

तुम्ही कधी स्नोब्लोअरची पूजा बघितलीय? मी बघितलीय.

एडिसन गावातल्या आमच्या जोशीकाकांना बर्फाचं भारी वेड. मी आणि नागपूरचा प्रशांत त्यांचे साथीदार. तिघं मिळून हवामानाचं रडार बघायचो आणि बर्फ कधी पडेल याचा अंदाज बांधायचो. दोन हजार एकच्या दसऱ्याला काकांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ उडवायचं हे नवंकोरं मशीन आणलं, गॅरेजमध्येच हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला.

त्या हिवाळ्यात मशीन बाहेर काढावं एवढा बर्फ काही पडला नाही. काका दर शनिवारी म्हणायचे, "नेक्स्ट वीकेंडला नक्की." आणि रविवारी हाफ शर्टात अंगण झाडायचे.

मार्चअखेर आम्ही त्याच गॅरेजमध्ये चहा घेत बसलो होतो. मशीनवरचं कुंकूसुद्धा पुसलं गेलं नव्हतं.

"काका, वरचे वारेच यंदा उत्तरेला सरकले," प्रशांत म्हणाला. मी समुद्राच्या तापमानावर खापर फोडलं. काकांना दोन्ही पटेना.

"एवढी तयारी केली, मग चुकलं कुठे?"

काकू भजी घेऊन आल्या. "चुकलं कशाला? हात जोडून तुम्हीच म्हणालात ना, देवा, माझ्या मशीनला काही त्रास होऊ देऊ नकोस?"

"मग?"

"नाही झाला."