पुस्ते का पुस्तकं

मी औशाकडची, लातूर जिल्हा. बाप सोनार, पण पोरीला शेगडीपाशी बसू दिलं न्हाई, मग मी वहीच्या मागल्या पानावर झुबे काढायची, नथा काढायची. लगीन होऊन देगलूरला आले, हितंबी सोनाराचंच घर. सासऱ्यांना म्हणलं, मामंजी, मला दुकानात डिझाईन काढू द्या. मामंजींनी लई दिवस टाळलं, मग म्हणले, एक ऑर्डर करून दाखव, जमली तर गादीवर बस, न्हाई तर पुन्हा विषय काढायचा न्हाई.

आता काय सांगू तुम्हाला, देगलूरात निम्मं गिऱ्हाईक तेलंगणाकडलं, आन् मला तेलुगू शून्य. मामंजी धर्माबादला गेलते तवा एका नवरीच्या आईचा फोन आला, मोडक्या मराठीत म्हणली, पोरगी मास्तरीण हाय, सोन्याचे दोन पुस्ते पायजे, लग्नाच्या आदल्या दिवशी नेते. मला वाटलं पुस्तकं. मास्तरीण म्हणल्यावर शंका तरी कशी येईल? दोन दिवस बसून इवलीइवली उघडी पुस्तकं काढली, पानावरच्या रेघासुद्धा. आमचे कारागीर चाचा म्हणले, भाभी, ये क्या है, मी म्हणलं, नवी फॅशन हाय चाचा, तुम्ही करा. मामंजींनी मुद्दाम बघितलं न्हाई, तुझी ऑर्डर, तूच दे म्हणले.

मायलेकी आल्या, डबी उघडली, आई म्हणली, अय्यो, इदेंदि, हे काय? मामंजींनी वाकून बघितलं आन् कपाळाला हात लावला. पुस्ते म्हणजे तिकडं मंगळसूत्राच्या दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची, आन् लगीन तर उद्यावर. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. डोळ्याला पदर लावून उठले, घरात निघाले. तर ती नवरी हसून राहिली, हसता हसता खालीच बसली, म्हणती, अम्मा, हे मी कानात घालते, शाळेत पोरं बघतील. मामंजी बाह्या सारून शेगडीपाशी बसले, मला म्हणले, चाललीस कुठं, पुस्ते कसे असतेत बघ, पुढच्या टायमाला तुलाच काढायचेत. पुढच्या टायमाला म्हणले, तवा माझा जीव भांड्यात पडला.

त्याला झाली सहा वर्षं. आता तेलुगू येतं, थोडं कन्नडबी. गिऱ्हाईक आलं की मामंजी गादीवरनं विचारतेत, पुस्ते का पुस्तकं, नीट सांगा, आमची सून दोन्ही करती. परवा त्या नवरीनं लेकीच्या बारशाला बोलावलं, तर तिच्या कानात माझी चूक झुलून राहिलती. सुखात राहू दे बाई तिला, ती हसली म्हणून मी आज गादीवर हाय.