ज्यानं हाक मारली, बॉल त्याचा

माझा जन्म कोल्हापूरचा, म्हणजे पेठेतला, आणि पेठेतला म्हणजे तालमीतलाच म्हणा की. आता तुम्ही पुण्याच्या, तुमास्नी तालीम म्हटलं की कुस्ती आठवणार, पण ताई, आमच्याकडं तालमीत कुस्ती हाय, गणपती हाय आणि सगळ्यात वर फुटबॉल हाय, प्रत्येक तालमीची टीम, प्रत्येक टीमची पेठ, आणि मॅच असली की अर्धं गाव एकमेकांशी बोलत न्हाई. माझा बा गुळाच्या बाजारात हमाल. दिवसभर ढेपा उचलायच्या आणि सांजच्याला तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसायचं, एवढंच त्याचं जग. ह्याचा पोरगा डिफेन्सला खेळतोय म्हणून त्याला कट्ट्यावर बसायला जागा देत हुती माणसं, हमालाला, काय सांगू तुमास्नी, सरकून जागा देत हुती.

मी स्टॉपर. म्हणजे गोलीच्या म्होरं उभा राहून येईल त्याला आडवायचं. माझ्या मागं बाजीराव, आमचा कॅप्टन, आणि त्याच्या मागं गोली शिवा. शिवा माझा लंगोटीयार, एका गल्लीतला. आता डिफेन्सचं एक हाय ताई, हे नीट लिवा, म्होरच्याला मागचं दिसत न्हाई आणि मागच्याला सगळं दिसतंय, म्हणून मागच्यानं हाक मारली की म्होरच्यानं मागं वळून बघायचं न्हाई, इचारायचं न्हाई, ऐकायचं. मागचा म्हणाला घे, तर घ्यायचा. मागचा म्हणाला सोड, मी हाय, तर सोडायचा, मग बॉल नाकाला घासून जाईना का. आणि ज्यानं हाक मारली, बॉल त्याचा. म्होरं काय झालं तर जबाबदारी त्याची. हे कुठं छापलेलं न्हाई, पण ह्याच्यावर माणूस जीव टाकतोय.

त्या साली आमी फायनलला गेलो, पलीकडच्या पेठेसंगं. आणि माझं लग्न ठरलंतं ते पलीकडच्याच पेठेत. ही शालन, आत भाकरी करतीया ती. फायनलच्या आदल्या दिवशी सासऱ्यानं सांगावा धाडला, जेवायला या, मटण केलंय. आता कोल्हापुरात फायनलच्या आठवड्यात समोरच्या पेठेत पाणी बी पीत न्हाईत, हे लहान पोराला बी म्हाईत हाय. मला म्हाईत नव्हतं का? पण वय तेवीस, शालनला नुसती दोनदा बघितलेली, गेलो. दुपारी गेलो, तांबडा-पांढरा वरपला, हिनं वाढलं, वर न बघता वाढलं, आणि तासाभरात परत आलो. सायकल त्यांच्या दारात लावलीती. तालमीच्या एकानं ती बघितली. तेवढी माझी चूक, ती मी मान्य करतोय, तेवढीच.

फायनलला शून्य-शून्य चाललंतं आणि शेवटची चार मिनिटं ऱ्हायलीती. त्यांच्या पोरानं उजवीकडनं उंच बॉल टाकला, माझ्या डोस्क्यावर येत हुता, मी उडी मारायला पाय वाकवला आणि मागनं बाजीरावची हाक आली, सोड, मी हाय. म्या मान खाली घातली. बॉल वरनं गेला. मागं बाजीराव नव्हताच, तो चार पावलं लांब घसरून पडलेला, आणि त्यांचा फॉरवर्ड मोकळा. गोल. सगळ्या स्टेडियमनं काय बघितलं? दत्त्यानं मान खाली घातली, एवढंच. हाक कुणाला ऐकू आली? त्या दंग्यात कुणालाच न्हाई.

बाजीराव तितंच उठला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, का सोडलास रं, म्या कुठं हाक मारली? म्या शिवाकडं बघितलं. शिवा म्हणाला, मला काय ऐकू आलं न्हाई बाबा, लई दंगा हुता. म्या इस्वास ठेवला. खरंच दंगा हुता.

सांजपर्यंत पेठेत झालं, दत्त्यानं मटण खाल्लं आणि मॅच दिली. पोरं आमच्या खिडकीखाली येऊन वराडली, रस्सा कसा हुता रं दत्त्या. तालमीतल्या टीमच्या फोटोत माझ्या तोंडावर कागद चिकटवला. म्होरल्या आठवड्यात राज्याच्या टीमची निवड हुती, तालमीनं दोन नावं धाडायची, माझं आणि बाजीरावचं ठरलंतं. गेलं एकट्या बाजीरावचं. त्याला खेळाच्या कोट्यातनं सरकारी नोकरी लागली, आणि मी फौंड्रीत, भट्टीम्होरं, पस्तीस वर्षं. पण ते बी सोडा. माझा बा त्या दिवसापास्नं कट्ट्यावर गेला न्हाई. बाजारातनं आला की घरात भिताडाकडं तोंड करून बसायचा. मला वाटलं, माझी लाज वाटतीया ह्याला. मग मी बी त्याच्याम्होरं बसायचं सोडलं. एका घरात सोळा वर्षं काढली आमी, जेवाय चल, औषध घे, ह्याच्या म्होरं बोलणं न्हाई. मेला तवा बी मला वाटलं, ह्यो माझ्यामुळं मान खाली घालून गेला. आणि म्या त्याच्या चितेम्होरं ठरवलं, बाजीराव, तुला मी सोडणार न्हाई.

हिकडं आलो ते पोरामुळं. तो पामर्स्टन नॉर्थला शिकायला आलता, मग ऑकलंडात नोकरी लागली, माउंट रॉस्किलला घर घेतलं, आमा दोघांस्नी बोलवून घेतलं. देश ब्येस हाय. बसमधनं उतरताना डायव्हरला थँक्यू म्हणायचं, तो म्हणतोय स्वीट ॲज, म्हणजे आपलं झकास, कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणाय जायचं, बास. नात सई फुटबॉल खेळतीया, मी लायनीवरनं वराडतोय, मागं बघू नको, हाक ऐक, तर ती म्हणती, आजोबा, प्लीज, यू आर सो लाउड. मराठी सगळं कळतंय तिला, बोलती इंग्लिश.

तिच्याच ग्राउंडवर मला लुक भेटला. फ्रान्सचा. तिकडं पैसे घेऊन खेळलेला डिफेंडर, खरा, गुडघे दोन्ही कामातनं गेलेले. तो हितं शनिवारी म्हाताऱ्यांचा फुटबॉल घेतोय, चालत खेळायचा, पळलं की फाउल. हसू नका, चालत खेळणं लई अवघड हाय. त्याचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून, म्हणून आमचं लई जमलं. एकदा म्या त्याला ती फायनल सांगितली, बाकावर कप मांडून, ह्यो मी, ह्यो बाजीराव, असा बॉल आला आणि म्या मान खाली घातली. लुकनं कपांकडं बघितलं आणि एकच इचारलं, हू कॉल्ड? हाक कुणी मारली? ताई, चाळीस वर्षांत कोल्हापुरातल्या एका माणसानं मला हे इचारलं नव्हतं. समद्यांनी इचारलं मटण का खाल्लंस. मला रडू आलं बगा, त्या परक्या माणसाम्होरं.

आणि गेल्या साली हितल्या मराठी मंडळाच्या गणपतीला स्टेजवरनं सांगितलं, आज आपल्यात कोल्हापूरचे नामवंत फुटबॉलपटू आलेत. वळून बघतो तर बाजीराव. त्याची लेक हितं नर्स हाय, तो तिच्याकडं आलाय, आता हितंच राहणार. लोकं फोटो काढून घेत हुती. आणि मला बघून पळत आला की, दत्त्या म्हणून मिठी मारली, जसं काय झालंच न्हाई. मी बी मारली. माझे हात त्याच्या पाठीवर हुते आणि मला वाटत हुतं, आत्ता आवळावं.

शनिवारी खेळायला यायला लागला. पहिल्या दिवशी मी बॉलकडं बघितलंच न्हाई, त्याच्या नडगीकडं बघत हुतो. चालत चालत बी नडगी फोडता येतीया, डिफेंडरला सगळं येतंय. एकदा बूट उचलला बी, तर लुकनं शिट्टी मारली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मग म्या इचार केला, नडगी सा आठवड्यात जुळंल. माझ्या बाचं काय?

खेळ झाल्यावर चहा घेताना लुकनंच त्याला हसत इचारलं, ती फायनल, हू कॉल्ड? आणि काय सांगू तुमास्नी, बाजीराव घोट घेत म्हणाला, आय कॉल्ड. हाक म्याच मारली, पण पाय घसरला, व्हॉट टू डू. हसला. गोष्ट सांगावी तसं सांगितलं त्यानं, परक्याला सांगायला काय जातंय. मग माझ्याकडं वळून म्हणाला, सोड की लेका आता, पोरवय हुतं. म्या हातातला कप बाकावर ठेवला. मी म्हणालो, व्हय, सोडलं. येत्या रविवारी घरी जेवायला ये.

शालनला बेत सांगितला, तर म्हणाली, माझ्या घरात हे असलं नको. म्हटलं, त्या दिवशी मटण तूच वाढलंतंस, आज बी तूच वाढायचं. चार वाजता जेवायला बसलो, तवा कोल्हापुरात सकाळ असती, कट्ट्यावर म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली असत्यात. शिवाला आधी सांगून ठेवलंतं, मी फोन लावतो, आवाज मोठा ठेव, समद्यांस्नी बसव आणि कुणी चकार शब्द काढू नका. फोन लावला आणि ताटापाशी पालथा ठेवला. दोन वाट्या रस्सा गेल्यावर म्हटलं, कॅप्टन, लुकला सांगितलीस ती गोष्ट परत सांग की, पोराला ऐकायचीया. त्यानं सांगितली. रंगवून सांगितली. हाक म्याच मारली, सोड, मी हाय, असं पंज्यानं दाखवत सांगितली. म्या फोन सुलटा केला, क्यामेरा लावला. सात-आठ तोंडं, आमच्या तालमीची. बाजीरावचा हात रश्शात तसाच ऱ्हायला, तोंडाचा रंग गेला. ताई, खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढं सुख मला कशात झालं न्हाई. लग्नात न्हाई, पोरगा झाला तवा न्हाई. मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो आणि वाट बघत ऱ्हायलो, आता तालीम काय बोलतीया.

एकजण खोकला. मग शिवा म्हणाला, अरं दत्त्या, ह्यात नवीन काय हाय? ती हाक म्या बी ऐकलीती.

मला काय कळंना. तो बोलतच ऱ्हायला, म्हातारा झालाय, थांबत न्हाई. म्हणाला, त्याच सांजच्याला तालमीत म्या सगळ्यांस्नी सांगितलंतं. पण बाजीराव कॅप्टन, निवड तोंडावर, त्याचं नाव खराब झालं तर तालमीचं नाव जाणार, आणि तू तर त्यांचा जावई होणारच हुतास, मटण बी खाऊन आलातास, म्हणून ठरलं, दत्त्यावर जाऊ दे. तुझा बा हुता की तितं. त्याला म्हटलं, बस, तुझ्या पोराला कोण मारत न्हाई. तर तो उठला, म्हणाला, ह्या पायरीवर मी परत थुकायला बी येणार न्हाई, आणि गेला, चप्पल तितंच ठेवून अनवाणी गेला.

ऐकलंसा का? माझ्या बाला म्हाईत हुतं. त्याला माझी लाज वाटत नव्हती, त्यानं माझ्यापायी तालीम सोडलीती, त्याचं एवढंच जग हुतं ते सोडलंतं. मला बोलला न्हाई, कारण त्याला ठावं हुतं, मी त्या दिवशी एकाचं तरी डोस्कं फोडून जेलात गेलो असतो. गेलोच असतो. आणि मी सोळा वर्षं त्याच्याम्होरं बसलो न्हाई. भिताडाकडं तोंड करून बसलेला माणूस माझ्या बाजूचा हुता, आणि मी गावाला जाताना चॉकलेटं कुणाला नेत हुतो, तर त्या शिवाला.

बाजीराव ताट सोडून उठला, त्याला लेक येऊन घेऊन गेली. आता शनिवारी येतोय, चालतोय, माझ्याकडं बघत न्हाई. त्याचं तोंड बघून पूर्वी मजा आली असती, आता त्याच्या एकट्यावर राग भागत न्हाई. तालमीनं निरोप धाडला, फोटोवरचा कागद काढतो, तुझा सत्कार करतो, ये. म्या सांगितलं, कागद ऱ्हाऊ दे. तुमच्यातलं माझं तोंड मला बी बघायचं न्हाई.

शालन म्हणती, आता देवाचं नाव घ्या, वय झालं. घेतोय की, रोज घेतोय. तालमीचं नाव तुम्ही गाळा म्हणालात, गाळा, पेठेत कळायचं त्याला कळंल. पण बाकीचं एक अक्षर गाळू नका. ह्याच्या प्रती काढून मी पोस्टानं धाडणार हाय, कट्ट्यावरच्या एकेकाच्या नावानं, घरी, सुना-नातवंडं पाकीट फोडत्याल अशा. शिवाला मोतीबिंदू झालाय म्हणत्यात, आपरेशन हाय. म्या हितल्या देवळात त्याच्या नावानं नारळ फोडला. देवानं त्याला डोळं द्यावंत, चांगलं लख्ख द्यावंत, आणि लई वर्षं द्यावंत. हे त्यानं स्वतः वाचाय पायजे, दुसऱ्याकडनं वाचून घेतलेलं मला चालणार न्हाई.