गंगूच्या पत्रिकेची नक्कल

हसू नका, तुमच्या लग्नांत जोशीबुवांनी किती डोळेझाक केली ते मला ठाऊक आहे. माझं ऐका. तेव्हा निजामाचं राज्य होतं. चिटगुप्पा गावची गंगू मला हवी होती, पण माझी पत्रिकाच कुणी मांडलेली नव्हती. मग मी गंगूचीच उतरवून काढली. नाव आणि साल तेवढं बदललं. सगळं तिच्यासारखंच, म्हणजे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळणार!

गंगूच्या घरी बैठक बसली. जोशीबुवांनी दोन्ही कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. “नक्षत्र एक, चरणबी एक. एकनाडी! हे लग्न लावलं तर पोरं जगायची न्हाईत.”

गंगूचे वडील उठायला लागले. मी हात जोडले.

“अप्पा, थांबा! ती पत्रिका माझी न्हाई. तुमच्याच पोरीची उतरवलीय.”

अप्पा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. “तिची पत्रिका माझ्या पेटीत, कुलपात असती. तुझ्या हाताला कशी लागली रं?”

दाराआडून गंगूच बोलली, “मीच दिली, अप्पा. बाजाराच्या दिवशी.”

जोशीबुवांनी पंचांग उघडलं. “अप्पा, गुण ऱ्हाऊ द्या आता. जवळची तिथी बघायलोय.”