शेवंताबाईंची वही

गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शेवंताबाईंची वही आपल्या दवाखान्याच्या रद्दीत गेली. त्यांना जाऊन तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते. मंडळी, शोकसभेत असं बोलू नये, हे मला कळतं. पण रडायला लागले तर बोलणंच होणार नाही. म्हणून रागानेच बोलते.

शेवंताबाई नवजात बाळांच्या खोलीतल्या आया. चौथी शिकलेल्या. बारा वर्षांपूर्वी माझी नात तिथे जन्मली. चौथ्या दिवशी ती झोपेत ओठ चोखू लागली, एक पाय सायकल चालवल्यासारखा हलवू लागली. एकोडीच्या विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, सटवाई खेळवते आहे. आणि मी? कॉन्व्हेंटात शिकलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी मी? मीही हसले.

शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो इवला पाय तळव्यात धरला.

"बाई, हे सटवाईचं खेळनं नोहोय. धरला तरी पाय थांबून नाही राहिला. आकडी आहे."

डॉक्टर म्हणाले, आयांनी निदान करू नये. मीही म्हणाले, तुम्ही आपलं काम करा.

"तेच करून राहिली ना मी," म्हणाल्या, आणि माझाच हात ओढून त्या पायावर ठेवला. हाताखाली ठोके. एकसारखे. मग मात्र मी जीप मागवली आणि शेवंताबाईंनाही सोबत घेतलं.

नागपूरला बाळाच्या डोक्याला लेप लावून तारा चिकटवल्या. कागद सरकू लागला, पेनं मेंदूच्या रेघा ओढू लागली. शेवंताबाई पाय धरून म्हणत, "आता." पेनं उसळलेली असत. पुन्हा "आता." पुन्हा तेच. तिथले डॉक्टर प्रत्येक "आता"पाशी कागदावर खूण करू लागले.

मग एकदा पेनं उसळली, आणि बाळ शांत. पाय शांत, ओठ शांत. आत एवढं वादळ, बाहेर काही नाही. शेवंताबाई कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे बाई, आपल्याले दिसते ते थोडंसंच."

त्या दिवसापासून त्यांनी वही ठेवली. कोणत्या बाळाचा कोणता पाय, किती वाजता, धरल्यावर थांबला की नाही. नव्या सिस्टर त्या वहीवरून शिकल्या. आता ती वहीच नसेल, तर उद्याच्या बाळाकडे कोण पाहणार, कशावरून? माझी नात औषधाने बरी झाली. ती बघा, तिसऱ्या रांगेत. सातवीत आहे.

दवाखान्याचे मोठे साहेब समोरच बसले आहेत. साहेब, वही कुणाच्या सांगण्यावरून रद्दीत गेली आणि ती केव्हा परत येईल, याचं लेखी उत्तर मला येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत हवं. तोंडी नको.

आता मंडळी, एक मिनिट गप्प राहू. पण डोळे मिटू नका. शेवंताबाई मिटत नसत.