रानोजीच्या चाळीस बहिणी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. माणसाचं नाव झाकलं, म्हणजे माणूस झाकला जातो का? बोला! नुसत्या माना नका हलवू, मागच्या ओळीतले, तोंडानं बोला!

हं... वाजला कुणाचा तरी फोन! वाजू द्या, लाजू नका. आजचं आख्यान त्याचंच आहे. तुमच्या खिशात बसून तुमचं सगळं ऐकणाऱ्या त्या डबीचं!

तर, हेमांगी नावाची एक मुलगी होती. तालुक्याच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय काय? निवडणुकीच्या दिवसांत खेड्यातल्या बायकांच्या फोनवर कोणकोणते निरोप येतात, ते पाठवतं कोण, त्यात खरं किती, आणि ते ऐकून बाई कशाला भुलते, कशाला भिते. तुम्ही म्हणाल, बुवा, हा कसला अभ्यास? अहो, पूर्वी राजे वेश पालटून फिरायचे, प्रजेच्या मनात काय आहे ते ऐकायला. आता मनाचं दार फोनात उघडतं. त्या दाराशी ही पोर वही घेऊन बसली, एवढंच!

गाव कुठलं? पिंपळदरा. तिथल्या चाळीस बायकांचा फोनवर एक गट होता. निम्म्यांना लिहिता येत नाही, उरलेल्यांना कंटाळा. म्हणून सगळा कारभार आवाजात! बटण दाबायचं, बोलायचं, सोडून द्यायचं. आणि त्या गावची एक गोड रीत बघा: बाईचं बोलणं संपतं ते ओवीनं. भाजीचा भाव सांगितला तरी शेवटी ओवी! आणि ओवीत कोण? भाऊ! त्याचं नाव आणि माहेरचं गाव. अहो, नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला उखाणा लागतो. भावाचं नाव घ्यायला नुसता श्वास पुरतो!

हेमांगी एकेकीच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मावशी, जे वाटतं ते मोकळेपणी सांगा. तुमचं नाव कुठं म्हणजे कुठं येणार नाही. हा माझा शब्द." शब्द दिला, मंडळी! आणि बायका बोलल्या.

त्यात एक भामाक्का. विधवा. गावचे पुढारी दौलतबापू, त्यांची चुलत भावजय. राहते बापूंच्या जागेत, पाणी भरते बापूंच्या टाकीच्या नळाचं. तिनं एके दुपारी गटात नाही, एकट्या हेमांगीला पाठवायला बटण दाबलं आणि म्हणाली,

"पोरी, तो पाण्याचा निरोप आलाय ना? 'दुसऱ्या पक्षाला मत द्याल तर गावचे नळ तुटतील, वरून पत्र आलंय' म्हणून? पत्र-बित्र काही नाही गं. बापूंच्या ओसरीवर बसून पोरांनी तो निरोप केला. मीच चहा नेऊन दिला. हसत होते मेले!"

आणि मग ओवी,

"पाण्याच्या गं नावाखाली, कुणी पेरियेली भीती,
भाऊ माझा गं रानोजी, डोंगरगावीचा सांगाती."

हेमांगीनं ऐकलं. डोळे भरून आले तिचे. तिनं शब्द पाळला बरं का! चाळीसही नावं खोडली. फोनचे आकडे खोडले, गल्ली खोडली. भामाक्काची झाली 'बाई क्रमांक सतरा'. पण ओवी? ओवी खोडायला हात धजेना. एवढं सोनं कोण फेकेल? आणि ओवीत कुठं बाईचं नाव असतं?

ऐकताय ना? इथंच चूक झाली. मायेनं झालेली चूक डोळ्यांना दिसत नाही, मंडळी!

कॉलेजच्या संस्थेची बैठक भरली. हेमांगीचे मार्गदर्शक कुलथे सर कौतुकानं म्हणाले, "आमच्या मुलीचं काम ऐका जरा." आणि संस्थेचे संचालक म्हणून समोर कोण बसलेले? दौलतबापू!

हेमांगी उभी राहिली. म्हणाली, "एकाही बाईची ओळख यात नाही. आता नमुन्यादाखल क्रमांक सतराची ही ओवी बघा..." आणि वाचली की हो तिनं! गळ्यात माया आणून वाचली!

बैठकीनं टाळ्या वाजवल्या. बापूंनी नाही वाजवल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"डोंगरगावचा रानोजी?" बापू हळूच म्हणाले. "हा तर आमच्या भामावहिनीचा धाकटा भाऊ! बरं... ही सतरा नंबरची बाई पाण्याबद्दल आणखी काय काय बोललीय? सोमवारी फाईल पाठवून द्या घरी."

हेमांगीनं हातातले कागद मिटले. शब्द दिलेला, आणि तो मोडला कुणी? तिनंच, स्वतःच्या तोंडानं, टाळ्या घेत!

बैठक उठली. कुलथे सर जवळ आले. "हेमांगी, मीही ऐकत होतो गं, मलाही कळलं नाही. पण आता देऊन टाक फाईल. तुझी शिष्यवृत्ती संस्थेची आहे. अडून बसलीस तर पदवी हातची जाईल."

ऐका आता ती काय म्हणाली!

"सर, पदवी गेली तर माझी जाईल. ती गोष्ट त्या बाईची आहे. जी माझी नाहीच, ती मी देऊ कशी?"

आणि निघाली. दुपारच्या एस.टी.नं थेट पिंपळदरा! वाटेत मनात म्हणत होती, तोंड कसं दाखवू? पण जायचं, आणि पहिलं वाक्य खरं बोलायचं. अहो, चूक झाल्यावर पळणारे पुष्कळ. चुकीकडं तिकीट काढून जाणारी एखादीच!

भामाक्का दारात शेंगा फोडत होती. हेमांगीनं बसायच्या आधी सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. भामाक्काचा हात शेंगेवरच थांबला.

"म्हंजे," ती म्हणाली, "माझं नाव पुसलंस, आणि माझा भाऊ तसाच ठेवलास?"

हेमांगीनं फोन काढून समोर ठेवला.

"शिकलेली ना गं तू? आमच्या गावात बाईला तिच्या नावानं कोण ओळखतं? ही रानोजीची बहीण, ती सखारामाची बहीण! तू टरफल लपवलंस आणि दाणा चव्हाट्यावर ठेवलास!"

"चुकलं, आक्का. तुमचा आवाज आत्ता तुमच्यासमोर पुसते. फाईल मी कुणाला दिली नाही, देणारही नाही."

पुसायला बोट खाली आलं, आणि भामाक्कानं ते धरलं! घट्ट!

"थांब. पुसून पुसून बाईनं किती पुसायचं? मी खोटं बोलले का? नाही. मग? बापू आज ना उद्या विचारायला येणारच. त्याच्या आधी मीच बोलते. तू नाही हं! माझं मी बोलते. जा, गटातल्या बायकांना हाक मार."

बायका जमल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत लेकरू. भामाक्कानं ओसरीची सगळी हकीकत सांगितली. मग एक जण म्हणाली, "त्या निरोपाला भिऊन मी रोज चार घागरी जास्तीच्या भरत होते गं!" दुसरी म्हणाली, "आणि मी तो माझ्या नणंदेला पाठवला की!"

कुंभारवाड्यातली शेवंता मोठी फटकळ. ती म्हणाली, "आता एकटी भामाक्का सापडंल, तिचं पाणी तुटंल. पण चाळीस सापडल्या तर? पाणी कुणाकुणाचं तोडणार गं? मग त्याच्या घरी पाणी तरी कोण भरंल?"

हसल्या सगळ्या! आणि, मंडळी, काय केलं असेल त्यांनी?

गावाचा एक मोठा गट होता फोनवर. पुढारी, दुकानदार, मास्तर, सगळे त्यात. पाण्याचा खोटा निरोप त्याच वाटेनं फिरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू चावडीवर कार्यकर्त्यांत बसलेले. टिंग! फोन वाजला. बापूंनी बटण दाबलं. बाईचा आवाज,

"पाण्याच्या गं नावाखाली, कुणी पेरियेली भीती..."

शेवंता! टिंग! दुसरी. टिंग! तिसरी. कुणाचा गळा बसका, कुणाचा गोड, कुणाच्या मागं लेकरू रडतंय, कुणाच्या मागं कोंबडी! पण ओवी तीच, आणि प्रत्येकीच्या तोंडी, "भाऊ माझा गं रानोजी!" चाळीस वेळा! आता ओवी एकट्या भामाक्काची, असं कोण म्हणणार?

बापू तरातरा शेवंताच्या दारी गेले. "ओवी कुणाची?"

"माझी."

"रानोजी तुझा भाऊ?"

"कालपास्नं."

शेजारचं दार. "तुझा?" "माझाबी!" तिसरं दार. "आमचा थोरला, बापू!" अहो, डोंगरगावात बसलेल्या त्या रानोजीला पत्ता नाही, आणि इकडं त्याला एका रात्रीत चाळीस बहिणी झाल्या! भाऊबीजेला बिचाऱ्याचं काय झालं असेल, त्याचं त्याला माहीत!

हात टेकून बापू स्वतःच्या घरी आले. ओसरीवर त्यांची म्हातारी आई वाती वळत होती. ओठ हलत होते. बापू वाकून ऐकतात तो काय? तीच ओवी!

"आई, तूसुद्धा? अगं, तुझ्याकडं तर फोन नाही!"

"फोन नाही रे दौलत, पण ओवी सकाळपासून घराघरांतून ऐकू येतेय," म्हातारी म्हणाली, "आणि त्या दिवशी चहा आला तेव्हा मीही इथंच बसले होते."

मंडळी, बापू तिथंच पायरीवर बसले. घरातच साक्षीदार निघाल्यावर, पाण्याचा निरोप खोटा होता, हे त्यांना चावडीवर सगळ्यांसमोर सांगावं लागलं. भामाक्काचा नळ? आजही चालू आहे. हेमांगीची शिष्यवृत्ती मात्र गेली, ती परत आली नाही. सकाळी शिकवण्या घेते, दुपारी लिहिते. एकेकीला नव्यानं विचारून, 'ही ओळ ठेवू का गं?' म्हणत लिहिते. आणि पहिल्या पानावर काय आहे? स्वतःची चूक.

आता वळतो तुमच्याकडं. फोन काढा. काढा हो, देवासमोर काढा! रोज किती जणांचे फोटो, किती जणींची दुखणी, किती घरांच्या कानगोष्टी त्या बोटाखालून पुढं ढकलता? 'नाव तर नाही ना घातलं' म्हणता आणि झोपता! आणि कुणी भीतीचा निरोप पाठवला की विचारता तरी का, बाबा, हा कुठल्या ओसरीवर शिजला? त्या चाळिसांत तुमचा आवाज असता का? खरं सांगा, असता का?

बोट खाली यायच्या आधी एकदा थांबा. मनाला विचारा, यात कुणाचा रानोजी तर उघडा पडत नाही ना? आणि एखादी भामाक्का एकटी सापडली दिसली, तर टाळ धरता तसा तिचा आवाज धरा. एकाचा टाळ हळू वाजला, तर त्याला झाकायला शंभर टाळ लागतात, म्हणून तर आपण इथं उभे आहोत!

उचला टाळ. आज कुणाचा पहिला वाजला, ते कुणाला कळता कामा नये. बोला, विठ्ठल! विठ्ठल!